टायरमास्तरांची दोन मतं

शाळेत असताना ते पदार्थविज्ञानात दोनदा नापास झाले होते. घर्षणाचा धडा तर त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. पुढे मात्र त्यांनी एकतीस वर्षं टायरचं दुकान चालवलं, म्हणजे जन्मभर ते घर्षणच विकत बसले. लोक त्यांना टायरमास्तर म्हणायचे. का म्हणायचे, ते दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की कळायचं. गिऱ्हाईक हवा भरायला यायचं आणि धडा घेऊन जायचं.

दुकान काचा विकणाऱ्या एका माणसाच्या आणि एका छापखान्याच्या मध्ये होतं. एका बाजूने काच फुटल्याचा आवाज, दुसऱ्या बाजूने यंत्राची धडधड, आणि मध्ये मास्तरांचा आवाज. तो या दोन्हींवर सहज मात करायचा. आत चाकांचा तोल बघायचं यंत्र, भिंतीला छतापर्यंत टायरच्या चळती आणि गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. दोन कामगार होते. दोघेही कामात तरबेज आणि बोलण्यात कंजूष. मास्तरांपुढे त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

मास्तरांचं सगळ्यात लाडकं व्याख्यान रन-फ्लॅट टायरविरुद्ध होतं.

रन-फ्लॅट म्हणजे पंक्चर झाल्यावरही लगेच बसत नाही असा टायर. त्याच्या बाजू आतून जाड, कडक रबराने भरलेल्या असतात. हवा गेली तरी गाडी त्या बाजूंवर उभी राहते, आणि ताशी ऐंशीच्या आत राहून साधारण ऐंशी किलोमीटर जाता येतं. कुठेतरी बरं ठिकाण गाठावं, एवढीच त्यातली कल्पना. वेगवान गाड्यांच्या कंपन्या हे टायर मुळातच बसवून देतात आणि त्या बदल्यात स्टेपनी काढून घेतात. मास्तरांच्या मते ही शुद्ध फसवणूक होती.

"कडक बाजू म्हणजे प्रत्येक खड्डा थेट तुमच्या कंबरेत," ते सांगायचे. "वजन जास्त. वळणावर रस्ता काय म्हणतोय ते हाताला कळत नाही. आणि पंक्चर झाला की बहुतेक वेळा फेकूनच द्यायचा, कारण हवा नसताना तो किती चालला, आतून किती मोडला, हे सांगणार कोण? साधा चांगला टायर घ्या, मागे स्टेपनी ठेवा, आणि थांबायची वेळ आली तर थांबा. ज्याला थांबायची भीती वाटते त्याने पळणारी गाडी घेऊच नये!"

हे शेवटचं वाक्य गावात बरंच फिरलं होतं. मास्तरांची बायको वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. तिथेही एका वाचकाने ते तिलाच ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे हो. कोणी म्हटलंय?" तिने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मास्तर दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलले.

या व्याख्यानाचे सगळ्यात निष्ठावान श्रोते म्हणजे दातांचे डॉक्टर. बावन्नाव्या वर्षी त्यांनी एक निळी, जमिनीला चिकटून पळणारी दोन दारांची गाडी घेतली होती. डॉक्टरांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून बोलण्यात गेलेलं, त्यामुळे समोरून उत्तर ऐकायची त्यांना सवयच उरली नव्हती. टायरच्या दुकानात मात्र पेशंट तेच होते. गाडीचे मूळचे रन-फ्लॅट झिजले आणि प्रश्न पडला, पुन्हा तेच घ्यावेत की साधे?

हा प्रश्न डॉक्टरांनी सात शनिवार पुरवला. दुपारी दोनला दवाखाना बंद करून ते बाकावर येऊन बसायचे. त्यांनी त्यासाठी वेगळी वही केली होती. एका पानावर रन-फ्लॅटचे गुण, समोरच्या पानावर साध्याचे.

"पण मास्तर, समजा मी एकटा आहे. पाऊस पडतोय. आणि पंक्चर झालं."

"मग भिजा."

"भिजून काय करू? मला चाक बदलता येत नाही."

"अक्कलदाढ काढता येते ना? तिच्यापेक्षा चाक सोपं. चाक ओरडत नाही."

डॉक्टरांनी हेही वहीत लिहून घेतलं. पण कुठल्या पानावर लिहावं हे त्यांना ठरवता येईना.

शेवटी आठव्या शनिवारी मास्तरांनी प्रयोग करायचं ठरवलं. दुकानामागे गोदामांकडे जाणारा दगडी ठोकळ्यांचा खडबडीत रस्ता होता. डॉक्टरांना शेजारी बसवून, त्यांच्या गुडघ्यांमध्ये पाण्याने भरलेला पेला धरायला लावून, मास्तरांनी गाडी त्या रस्त्याने नेली. रन-फ्लॅटवर अर्धा पेला डॉक्टरांच्या पँटवर सांडला. मग दुकानात येऊन त्याच मापाचे साधे टायर चढवले, पेला पुन्हा भरला, पुन्हा तोच रस्ता. या खेपेला जेमतेम चार थेंब सांडले.

"बघा!" मास्तर म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी गाडी जरा सावकाश चालवली होती. पण एवढा बारकावा सांगत बसावा असं त्यांना वाटलं नाही. तसाही निष्कर्ष बरोबरच होता, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

डॉक्टरांनी साधे टायर घेतले. अडचण एकच होती: त्या गाडीत स्टेपनी ठेवायला जागाच केलेली नव्हती. मागच्या खणात चाक मावेना. मग ते मागच्या सीटवर ठेवलं. पण सीटवर वजन आलं की गाडी पट्टा बांधा म्हणून पिरपिर करायची, म्हणून स्टेपनीला पट्टाही बांधला. डॉक्टर त्या दिवसापासून मागे एखाद्या वजनदार नातेवाइकाला बसवून गावभर फिरू लागले आणि रस्ता हाताला कसा कळतो ते दात धरून बसलेल्या पेशंटांना सांगू लागले.

हे सगळं ठीक चाललं असताना मास्तरांच्या मुलीच्या गाडीचे टायर झिजले.

मुलगी बत्तीस वर्षांची. मास्तरांचं एकुलतं एक अपत्य. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं रक्त शुद्ध करणारी जी यंत्रं असतात, ती दुरुस्त करायची तिची नोकरी. आठवड्यातले चार दिवस ती या गावच्या इस्पितळातून त्या गावच्या इस्पितळात जायची, आणि त्यातली तीन गावं घाटापलीकडे होती. स्वतःसाठी तिने आयुष्यात एकच चैन केली होती: एक करड्या रंगाची छोटी गाडी. दिसायला गरीब, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी.

बुधवारी सकाळी तिने गाडी दुकानापुढे लावली.

"बाबा, नेहमीसारखे साधेच, पण पकड चांगली असलेले टाका. शनिवारी दुपारी नेते. तोवर ऑफिसची गाडी आहे."

"मला सांगतेस होय?" मास्तर म्हणाले.

ती गेली. मास्तरांनी चाकाचं माप पाहिलं आणि चळतीकडे गेले. साधे टायर समोरच होते, हात लांब केला की येतील असे. पण त्याआधी सवयीने त्यांनी गाडीचा मागचा खण उघडला. आत पान्यांच्या पेट्या, नळ्यांची वेटोळी, कसलीशी मोजमापाची यंत्रं, आणि या सगळ्याच्या खाली, तळाशी, स्टेपनी. म्हणजे पंक्चर झालं तर हे सगळं आधी रस्त्यावर मांडायचं. मास्तरांच्या डोळ्यांसमोर घाट आला. एकीकडे दरड, एकीकडे दरी. रस्त्याच्या कडेला पेट्या मांडलेल्या आणि त्यांच्यामध्ये वाकून जॅक लावणारी मुलगी. वळणावरून एक ट्रक येतोय. ट्रकचा रंगसुद्धा त्यांना दिसला.

ते बराच वेळ चळतीसमोर उभे राहिले. मग कोपऱ्यात जाऊन, कामगारांकडे न बघता म्हणाले, "ते चार रन-फ्लॅट काढा."

दोघा कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी बोलावंसं वाटलं. पण सवय नसल्यामुळे जमलं नाही.

मास्तरांनी टायर स्वतःच्या हाताने बसवले. हवा कमी झाली की पुढे पिवळा दिवा लागावा म्हणून चारही चाकांत नवे सेन्सर बसवले. रन-फ्लॅटला ते लागतातच, नाहीतर हवा गेल्याचं चालवणाऱ्याला कळणारच नाही. मग टायरच्या बाजूवर जिथे बारीक अक्षरात ते रन-फ्लॅट असल्याचं लिहिलेलं असतं, तिथे काळं पॉलिश जरा जास्तच चोळलं.

शनिवारी दुपारी मुलगी आली, किल्ली घेतली आणि गेली. मास्तरांनी सुस्कारा सोडला. तो पुरता सुटायच्या आत गाडी कोपऱ्यावरून वळून परत दुकानापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, हे काय बसवलंय?"

"टायर."

"गाडी अंगावर येतेय. कोपऱ्यावरच्या गटाराच्या जाळीवरून गेले तर कवटी हलली. हे रन-फ्लॅट आहेत."

"नवे आहेत, जरा कडक वाटणारच. दोनशे किलोमीटर चालव, मग बसतील..."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे. मला गिऱ्हाइकासारखं बोलू नका."

मास्तरांनी फडकं हातात घेतलं. आणि नेमक्या त्याच क्षणी, म्हणजे याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती, निळी गाडी आपल्या पट्टा बांधलेल्या पाहुण्यासकट हवा भरायला आली. डॉक्टर उतरले, वाकून करड्या गाडीच्या चाकाकडे बघू लागले. गेले दोन महिने ते दिसेल त्या टायरची बाजू वाचत. त्यांनी बोटाने पॉलिश पुसलं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हे तर रन-फ्लॅट."

"हो."

"तुमच्या मुलीच्या गाडीला?"

"हो."

"आणि मला साधे?"

एरवी मास्तरांकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं तयार असायची.  आता ते हातातल्या फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"तुमचं वेगळं आहे, डॉक्टर," ते शेवटी म्हणाले.

"वेगळं म्हणजे? माझा जीव जीव नाही?"

"तसं नाही हो. टायर म्हणून साधाच चांगला. पण ती घाटात जाते. एकटी."

"आणि एकतीस वर्षं तुम्ही ज्यांना साधे विकलेत ते काय वाजतगाजत मिरवणुकीने जायचे?" मुलगी म्हणाली. डॉक्टरांनी जोरात मान डोलावली. ज्या बाजूने आपल्याला बोलायचं आहे ती बाजू दुसरंच कोणी इतकी चांगली मांडतंय, हा अनुभव त्यांना नवा होता.

"माझा तुझ्यावर विश्वास नाही असं नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

"रस्त्यावर नाही."

"रस्ता मी रोज बघते बाबा. तुम्ही दुकानात बसून त्याच्याबद्दल ऐकता."

त्या दुपारी मास्तरांनी एका लेकीच्या गाडीचे चार रन-फ्लॅट काढून साधे चढवले आणि एका डॉक्टरांच्या गाडीचे चार साधे काढून रन-फ्लॅट चढवले. डॉक्टरांनी वहीतल्या एका अख्ख्या पानावर रेघ मारली. स्टेपनीचा पट्टा सोडून तिला मानाने खाली उतरवलं. दोन्ही गाड्या निघून गेल्यावर दोघा कामगारांपैकी थोरला म्हणाला, "मास्तर, आज व्याख्यान नाही झालं." एकतीस वर्षांतलं हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

घरी बायकोला सगळं आधीच कळलं होतं. मुलीने फोन केला होता.

"तेरा वर्षांची असताना तुम्हीच तिला चाक बदलायला शिकवलंत," ती म्हणाली. "घड्याळ लावून. सोळा मिनिटांच्या वर गेलं की पुन्हा करायला लावायचात. ती रडायची, मी तुमच्याशी भांडायचे. आणि आता तुम्हीच घाबरता?"

"तेव्हा मी शेजारी उभा असायचो."

 तिने ताट वाढून ठेवलं आणि त्या संध्याकाळी त्यांना एकही टोमणा मारला नाही. मास्तरांना ते जास्तच लागलं.

दीड महिन्यानंतर पहिली बातमी डॉक्टरांची आली. ते दीड तासावरच्या एका शहरात दंतवैद्यांच्या परिषदेला गेले होते. तिथे त्यांचं भाषण होतं. विषय 'दुखणं अंगावर काढू नका'. निघाल्यावर थोड्याच वेळात गाडीत पिवळा दिवा लागला. डॉक्टरांनी तो पाहिला. मनात म्हणाले, टायर रन-फ्लॅट आहेत, म्हणजे काळजी मिटली. आणि ताशी एकशेवीसने एकशेचाळीस किलोमीटर निघून गेले. परिषदेच्या दारात गाडी थांबली तेव्हा मागच्या डाव्या चाकाच्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या आणि रिम रस्त्यावर घासून एका बाजूने सपाट झाली होती. भाषण मात्र उत्तम झालं म्हणे.

गाडी ट्रकवर चढवून दुकानात आणली. मास्तर चाकाकडे बघत राहिले. एखाद्या ओळखीच्या माणसाचा अपघात बघावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"कमाल टायर आहे!" डॉक्टर म्हणाले. "मला कळलंसुद्धा नाही. साधा असता तर अर्ध्या वाटेत थांबावं लागलं असतं."

"डॉक्टर, ऐंशीच्या आत. ऐंशी किलोमीटर. किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला!"

"ते होय? ते तुम्ही साध्याच्या बाजूने बोलताना सांगायचात ना. मला वाटलं, ते तुमचं मत आहे."

त्यांनी तिथल्या तिथे तसलाच दुसरा टायर आणि नवी रिम सांगितली.

दुसरी बातमी बातमी म्हणून आलीच नाही. एका सकाळी मुलगी दुकानात आली आणि मागचा खण उघडून एक चाक तिने खाली उतरवलं.

"बाबा, याचं पंक्चर काढून ठेवा. मी स्टेपनीवर आहे."

"कधी झालं?"

"परवा."

"कुठे?"

"घाटात. दुपारी. तिसऱ्या वळणाच्या पुढे जरा जागा आहे, तिथे घेतली गाडी."

"फोन का नाही केलास?"

"केला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बोललो असतो," ते म्हणाले.

ती हसली. मग सांगू लागली: पेट्या उतरवायलाच जास्त वेळ गेला, चाक बदलायला चौदा मिनिटं लागली. मध्येच एक गृहस्थ गाडी थांबवून मदतीला आले. छत्री धरून उभे राहिले आणि नट कुठल्या दिशेने फिरवायचा ते सांगत होते, उलटं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिने दोनदा उलटं फिरवून दाखवलं. ते समाधानाने गेले.

"आणि ट्रक?" मास्तरांनी विचारलं.

"कुठला ट्रक?"

"काही नाही."

त्यांनी चाक पाण्यात बुडवलं. बुडबुडे आले तिथे एक बोटभर स्क्रू निघाला. पंक्चर काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण मध्येमध्ये चष्मा पुसावा लागत होता.

जाताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी बसलाच नाहीत माझ्या गाडीत. रविवारी चला. घाटात जाऊन येऊ."

मास्तरांना नाही म्हणता येईना. खरी गोष्ट अशी होती, आणि ती बायको सोडून कोणालाच ठाऊक नव्हती, की एवढी वर्षं वेग, वळण आणि पकड यांवर बोलणाऱ्या या माणसाने स्वतः साठाच्या वर गाडी कधी नेलीच नव्हती. टायर बसवून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे, तेवढंच. बाकीचं गिऱ्हाइकं सांगायची. मास्तर ते ऐकून, थोडं सुधारून, पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचे.

रविवारी घाट सुरू झाला तसा मुलीने पाय दाबला. पहिल्या वळणावर मास्तरांनी दाराची मूठ धरली. दुसऱ्या वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबू लागला. गाडी मात्र रुळावरून जावी तशी वळत होती. टायर किंचितही कुरकुरत नव्हते. मुलीचे हात सैल होते, खांदे सैल होते, आणि ती बाजूला न बघता सहज बोलत होती: इथे रस्ता आत झुकलाय, इथे खडी असते, इथे मी थोडं आधी पाय काढते. मास्तरांना कळलं की आपण ज्याच्याबद्दल बोलत आलो ते हे. हे खरंच असतं. आणि ते खरंच तसंच असतं.

पाचव्या वळणावर ते म्हणाले, "थांब."

तिने कडेला गाडी घेतली. मास्तर दार उघडून उतरले, चार पावलं चालले आणि कठड्यापाशी वाकून सकाळचा सगळा नाश्ता बाहेर काढला. मुलीने पाण्याची बाटली आणली, पाठीवरून हात फिरवला.

"पकड," मास्तर धापा टाकत म्हणाले, "पकड चांगली आहे."

"आधी चूळ भरा."

घरी आल्यावर बायकोने त्यांचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि विचारलं, "कशी चालवते?"

"मी सांगतो तशी," मास्तर म्हणाले आणि आडवे झाले.

त्यानंतर मास्तर बदलले. कोणी वेगाच्या गाडीसाठी टायर विचारायला आलं तर ते आधी विचारायचे, गाडी चालवणार कोण, कुठे, बरोबर कोण असतं, चाक बदलता येतं का. पिवळा दिवा लागला तर वेग कमी कराल का, हे तर ते दोनदा विचारायचे. मग दोन्ही टायरच्या दोन्ही बाजू सांगायचे, एकाही बाजूला न झुकता, आणि शेवटी म्हणायचे, "दोन्ही चांगले आहेत. दोन्हींत खोट आहे. ठरवा तुम्ही." इतकं खरं ते आधी कधीच बोलले नव्हते.

गिऱ्हाइकांना ते अजिबात पटलं नाही. मास्तर आता थकले, असं गावात बोललं जाऊ लागलं. पूर्वी कसं एक घाव दोन तुकडे असायचं, आता त्यांचं त्यांनाच कळत नाही, असं लोक हळहळून म्हणत. आणि मग ते बाकाकडे वळत. तिथे दर शनिवारी दुपारी दोननंतर दातांचे डॉक्टर बसलेले असतात. टायर कुठला घ्यावा याबद्दल त्यांच्या मनात तिळभरही शंका नाही, आणि ते कोणालाही मध्ये बोलू देत नाहीत.